चौथा घात

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, रविवारी सकाळी ब्लडप्रेशरच्या मशीनने १५२ दाखवले आणि मामांनी मशीनलाच दोष दिला. मनगटाला बांधायचं ते छोटं यंत्र त्यांनी सोडलं, पट्टा पुन्हा आवळला, बटण दाबलं. १५१. "गंडलंय हे," ते म्हणाले. "परत करून टाकू."

भाची समोर चहा घेत बसली होती. तिने आकड्याकडे बघितलंच नाही. "हात कुठे आहे तुझा?"

हात मांडीवर होता.

"छातीपासून किती खाली?"

चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या इंजिनिअरला एवढा इशारा पुरतो. मामांनी मनगटापासून छातीच्या मध्यापर्यंत नजरेनेच टेप लावली. "पंधरा सेंटिमीटर. म्हणजे पाण्याचं पंधरा सेंटिमीटर हेड. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे अकरा मिलिमीटर पारा. रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणून साडेअकरा धर." मग कोपर टेबलावर टेकवून मनगट छातीच्या उंचीला धरलं आणि पुन्हा बटण दाबलं. वरचा १४०, खालचा ७०. "मशीन बरोबर आहे," त्यांनी निकाल दिला. "गेज चुकीच्या लेव्हलला बसवला होता."

खरं तर दोघांचं त्या दिवशीचं भांडण याहून मोठं होतं. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मामांच्या छातीत जड व्हायचं, थांबलं की दोन मिनिटांत जायचं. आठवड्यापूर्वी अँजिओग्राफी झाली होती आणि रिपोर्टमध्ये दोन आकडे होते: हृदयाच्या एका रोहिणीत ७० टक्के अडथळा, दुसरीत ५० टक्के. मामांचं म्हणणं सरळ होतं. दोन ठिकाणी नळ चोंदलाय, दोन्ही ठिकाणी मोकळा करा, चर्चा कसली? भाची वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. उपचार ती करत नाही आणि हे ती पहिल्याच वाक्यात सांगते. पण "नळ चोंदलाय" हे शब्द ऐकले की तिच्या कपाळावर आठी पडते.

"का पडते?" मामांनी विचारलं. "आत्ता मी जे गणित केलं ते नळाचंच होतं ना? शरीर म्हणजे पाणीपुरवठा योजना. पंप, मेन, डिस्ट्रिब्युशन, परतीची लाइन. तुम्ही डॉक्टर लोक लॅटिन नावं देऊन उगाच गूढ करता."

"उलट आम्ही तुमच्याकडूनच उसनं घेतलंय सगळं," ती म्हणाली. "आणि तुम्ही आमच्याकडून. कात्रजच्या नळावर हवा आणि दाब सुटायला पेशव्यांनी मनोरे बांधले, त्यांना काय म्हणतात?"

"उच्छ्वास."

"शब्द शरीराचाच ना?"

मामी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. तिथून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की दोघं पोहे खाणार आहेत का भांडणार आहेत.

उसनवारीची ही गोष्ट जुनी आहे. टेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावचा पाद्री स्टीफन हेल्स याने एक म्हातारी घोडी आडवी पाडून बांधली, तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी खुपसली आणि तिला नऊ फुटांची उभी काचेची नळी जोडली. मधला जोड लवचीक हवा होता, म्हणून त्याने हंसाची श्वासनलिका वापरली. रक्त काचेत चढलं ते हृदयाच्या डाव्या कप्प्यापासून आठ फूट तीन इंचांपर्यंत, आणि तिथे नाडीबरोबर वरखाली होत राहिलं. १७३३ साली हे छापून आलं. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो असा, चक्क फुटांत.

"आठ फूट तीन इंच," मामा खूश झाले. "म्हणजे अडीच मीटर हेड. बघ, पाद्र्यालाही कळलं. पाऱ्याचे मिलिमीटर कुणी आणले मधे?"

"पॉइझवीने. पॅरिसचा डॉक्टर. उंच नळी सांभाळता येत नाही म्हणून त्याने १८२८ साली आपल्या प्रबंधासाठी पाऱ्याची वाकडी नळी वापरली."

मामांनी तोवर पेन्सिल घेतली होती आणि रिपोर्टच्याच पाकिटावर आकडेमोड सुरू झाली होती. एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. दिवसाला ७,२०० लिटर. सरासरी दाब पाऱ्याचे १०० मिलिमीटर, म्हणजे १.३६ मीटर. गुणाकाराच्या शेवटी आलेल्या आकड्याकडे ते बघतच राहिले. "एक पूर्णांक एक वॉट? एवढंच? आपल्या सोसायटीचा पंप एक एचपीचा आहे. ७४६ वॉट!"

"डाव्या बाजूचं, आराम करताना, फक्त ढकलण्याचं काम तेवढंच. स्नायू स्वतः जाळतो ते वेगळं."

असाच एक गुणाकार विल्यम हार्वीने १६२८ साली मांडला होता आणि त्याने वैद्यक उलटंपालटं झालं होतं. तोवर गेलनच्या मताप्रमाणे रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत खपतं, असं मानत. हार्वीने ठोक्याला अगदी थोडं रक्त धरलं तरी अर्ध्या तासात सगळ्या शरीरात असेल त्याहून जास्त रक्त हृदयातून गेल्याचं दिसत होतं. एवढं रोज नव्याने शिजवणारं यकृत कुठून आणणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असणार. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहिन्या जोडणाऱ्या केशिका मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या १६६१ मध्ये माल्पीगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

बाल्कनीत मामींनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि धार लांबच्या तुळशीपर्यंत गेली. "हे बघ," भाची म्हणाली, "तोंड अरुंद केलं की धार जोरात जाते. मग केशिका तर महारोहिणीच्या हजारो पट बारीक. त्यांच्यात रक्त सुसाट पळायला हवं."

मामा या सापळ्यात सापडणारे नव्हते. "एक केशिका नाही ना बघायची. सगळ्यांची बेरीज घे."

बेरीज अशी: महारोहिणीचा व्यास साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे छेद पाच चौरस सेंटिमीटर. केशिका अब्जावधी, आणि सगळ्यांचा छेद एकत्र केला तर निदान अडीच हजार चौरस सेंटिमीटर. पाचशे पट रुंद पात्र. महारोहिणीत सरासरी सेकंदाला सतरा सेंटिमीटर जाणारं रक्त केशिकेत सेकंदाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशावर येतं. केशिका मिलिमीटरभरही लांब नसते, पण तेवढ्यात ऑक्सिजन द्यायला आणि कचरा उचलायला एक-दोन सेकंद मिळतात. पूर गावात पसरला की त्याचा वेग पडतो, तसंच.

इथवर मामा जिंकत होते आणि त्यांना ते माहीत होतं. भाचीने पोह्यांवर लिंबू पिळलं आणि मोर्चा वळवला.

"पण तुझ्या पाइपात वाहतं ते पाणी. रक्तात शंभरातले पंचेचाळीस भाग पेशी आहेत. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, पुष्कळ केशिका त्याहून अरुंद. ती दुमडून, वाकून आत शिरते. रक्त हळू वाहायला लागलं की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होतं. जोरात वाहिलं की चळती मोडतात आणि ते पातळ होतं. तुझ्या टेबलांत दाटपणा कायम असतो ना?"

"तापमान बदललं तरच बदलतो."

"आणि अजून ऐक. फोरेउस आणि लिंडक्विस्ट या दोन स्वीडिश संशोधकांनी १९३१ साली दाखवलं, की मिलिमीटरच्या तीन दशांशांहून बारीक नळीत रक्त कमी दाट असल्यासारखं वागायला लागतं. म्हणजे नळी जितकी बारीक, तितकं पातळ."

"उलटं आहे हे."

"पेशी मधोमध सरकतात आणि भिंतीलगत नुसता प्लाझ्मा उरतो. घर्षण भिंतीशी होतं, आणि तिथे तर वंगण. फार बारीक केशिका आल्या की मग पुन्हा अडखळतं."

मामा गप्प झाले, पण हरले म्हणून नव्हे. हे त्यांना आवडलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर राइझिंग मेनमध्ये वापरून बघितलं असतं, असा काहीसा भाव चेहऱ्यावर होता.

"बरं, भिंतीचं सांग," ते म्हणाले. "माझ्याकडे पंप एकदम बंद पडला की लाइनमध्ये वॉटर हॅमर होतो. पाइप फुटतो. म्हणून एअर व्हेसल लावतो, टाकीत कोंडलेली हवा दाब झेलते आणि हळूहळू सोडते. हा पंप तर दिवसातून लाखभर वेळा चालूबंद होतो. याची एअर व्हेसल कुठेय?"

"महारोहिणी स्वतःच. ठोक्याला ती फुगते, ठोका संपला की आवळते आणि साठवलेलं रक्त पुढे ढकलते. हेल्सने हीच तुलना केली होती. त्याच्या काळच्या आगीच्या बंबात असा हवेचा फुगवटा असायचा."

"मग माझ्या वरच्या आणि खालच्या आकड्यांत सत्तरचं अंतर का?"

"कारण तुझ्या एअर व्हेसलमधली हवा गेलीय," भाची म्हणाली आणि लगेच सावरली. "म्हणजे भिंत ताठरलीय. वयाने होतं. ताठ भिंत फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि आवळून ढकलत नाही म्हणून खालचा उतरतो. नाडीची लाटही जोरात धावते. तरुणपणी सेकंदाला पाच मीटरच्या आसपास, आता दहाच्या वर. मनगटाशी बोट ठेवल्यावर लागते ती ही लाट, रक्त मागाहून सावकाश येतं."

मामींनी पोह्यांची दुसरी बशी आणून ठेवली आणि एक प्रश्न टाकला, ज्यावर पुढचा तास गेला. "ते सगळं राहू दे. सत्तर टक्के म्हणजे किती वाईट?"

याचं उत्तर एका नियमात आहे, आणि तो नियम या दोघांसाठीच लिहिल्यासारखा आहे. गॉटहिल्फ हागेन हा जर्मन जलअभियंता पितळी नळ्यांतून पाणी सोडून मोजत होता. त्याचा निबंध १८३९ साली आला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पॉइझवी केसाहून बारीक काचेच्या नळ्या घेऊन बसला होता. त्याला जाणून घ्यायचं होतं रक्ताबद्दल, पण रक्त गोठतं, म्हणून त्यानेही पाणीच घेतलं. एक इंजिनिअर, एक डॉक्टर, एकमेकांना न विचारता एकाच जागी पोचले: दाब तोच ठेवला तर नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा नव्हे, पाव नव्हे, सोळावा हिस्सा. मराठीत 'घात' हा शब्द इथे फारच चपखल बसतो.

"मग झालं तर!" मामांनी टेबलावर हात मारला. "पन्नास टक्के म्हणजे व्यास निम्मा. प्रवाह सोळावा हिस्सा. सत्तर टक्के म्हणजे तीन दशांशाचा चौथा घात, हजारात आठ. आणि तू म्हणतेस घाई नको?"

"हजारात आठ? मग आत्ता पोहे कसे खातोयस? आरामात छातीत दुखत नाही तुला."

पेन्सिल थांबली.

"लांबी किती त्या अरुंद भागाची?" मामांनीच विचारलं. हे विचारल्यावर मात्र भाची हसली, कारण तिला हाच प्रश्न हवा होता.

"धर सेंटिमीटरभर. रोहिणी दहा सेंटिमीटर. आणि आता सांग, तुमच्या गल्लीला पाणी किती येणार ते कोण ठरवतं? धरण? पंप?"

"चावीवाला."

पुण्यात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. शरीराचे चावीवाले म्हणजे केशिकांच्या अलीकडच्या धमनिका. महारोहिणीत १०० असलेला सरासरी दाब केशिकेच्या तोंडाशी ३५च्या आसपास येतो आणि त्यातला बहुतेक उतार या धमनिकांत होतो. त्यांच्या भिंतीत गोल स्नायू असतात. ते सैलावून त्रिज्या एकोणीस टक्क्यांनी वाढली की प्रवाह दुप्पट. म्हणूनच जेवल्यावर आतड्याला, चढताना पायांना, विचार करताना मेंदूच्या त्या-त्या भागाला रक्त वाढवायचं तर मेन बदलावी लागत नाही. चावी थोडी फिरवली की पुरतं. पंप फक्त परत आलेलं रक्त पुढे पाठवतो. जास्त आलं तर स्नायू जास्त ताणला जाऊन जास्त जोराने आवळतो, हे इंग्लंडमध्ये स्टार्लिंगने गेल्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं.

पाकीट उलटं करून मामांनी नवं गणित मांडलं. आकडे सोयीसाठी धरलेले, हे भाचीने दोनदा बजावलं. हृदयाच्या त्या रोहिणीच्या वाटेवरचा एकूण विरोध १०० मानू. त्यातला ५ रोहिणीचा, ९५ चावीवाल्यांचा. पन्नास टक्के अरुंद असलेला एक सेंटिमीटर सोळापट अडवतो, उरलेले नऊ नेहमीसारखे. रोहिणीचा विरोध ५चा साडेबारा झाला. एकूण १०७.५. प्रवाह सात टक्क्यांनी घटला.

"सात?" मामी म्हणाल्या.

"सात. आणि चावीवाल्याने ९५चे साडेसत्त्याऐंशी केले की तेवढाही नाही." मामा आता कुणाशी भांडत नव्हते, पाकिटाशी बोलत होते. सत्तर टक्क्यांना तो सेंटिमीटर १२३ पट अडवतो. रोहिणीचा विरोध ६६. आरामात १०० राखायला चावी ९५वरून ३४वर आणावी लागते. येते. म्हणून खुर्चीत काही होत नाही. "आणि पर्वतीवर?"

"पर्वतीवर निरोगी माणसाच्या चाव्या पूर्ण उघडतात. साधारण पाव विरोध उरतो, धर २४. त्याचा एकूण २९, प्रवाह आरामाच्या साडेतीनपट."

"माझा ६६ आणि २४. नव्वद." त्यांनी भागाकार केला. "एक पूर्णांक एक पट. पायऱ्यांना साडेतीनपट हवं आणि माझ्याकडे जेमतेम आरामापुरतं. चाव्या आधीच उघडून बसल्यात!"

बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

"या पंपाचा आणखी एक चमत्कारिक प्रकार सांगते," भाची म्हणाली. "बाकी शरीराला रक्त मिळतं पंप दाबतो तेव्हा. पण डाव्या कप्प्याचा स्नायू आवळला की त्यातल्याच वाहिन्या चिरडल्या जातात. त्याला स्वतःला बहुतेक रक्त मिळतं ते तो सैल पडतो तेव्हा. ठोके वाढले की हा सैल पडायचा वेळच कमी होतो."

"पंपाला पाणी पंप बंद असताना?" मामांनी मान हलवली. "असं डिझाइन कुणी मंजूर करणार नाही."

"आणि भिंतसुद्धा नुसती भिंत नाही. आतलं अस्तर प्रवाहाची घासण ओळखतं आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून स्नायू सैल करतं. तुझ्या खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी तोच वायू पुरवते. हे शोधणाऱ्या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं. बिडाचा पाइप आपला व्यास ठरवतो का? म्हणून मला ते 'नळ चोंदला' नको वाटतं. गणित तुझं बरोबर आहे, मामा. पण सत्तर हा आकडा सावलीच्या फोटोवरून डोळ्याने काढलेला आहे. फोटोत चावीवाला दिसत नाही."

"मग गेज लावा. अडथळ्याच्या आधी एक, नंतर एक. एवढं साधं."

"लावतात." तिला हेही हवंच होतं. केसासारखी तार, टोकाला दाब मोजणारा सेन्सर, औषध देऊन चाव्या पूर्ण उघडायच्या आणि अडथळ्यापलीकडचा दाब अलीकडच्या दाबाने भागायचा. भागाकार ०.८० किंवा त्याहून कमी आला तर अडथळा खरोखर अडवतोय. २००९ साली फेम नावाच्या चाचणीत हजारभर रुग्णांत दिसलं, की नुसत्या चित्रावर न जाता असा दाब मोजला तर स्टेंट कमी बसतात आणि रुग्णांचं पुढे जास्त बरं चालतं.

"म्हणजे बसवायचा की नाही?"

"ते तुझे डॉक्टर ठरवतील, मी नाही. झटका आला असेल तर क्षणाचाही वेळ न घालवता नळी उघडायची, तिथे वाद नाही. तुझ्यासारखं चढतानाच दुखणाऱ्यांचं वेगळं. इस्केमिया नावाची चाचणी २०२० मध्ये छापून आली, पाच हजारांवर रुग्ण, भारतातलेही. औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू आणि झटके काही वर्षांत कमी झाले नाहीत. दुखणं मात्र जास्त कमी झालं. कारण झटका पुष्कळदा भलत्याच ठिकाणी येतो, जिथे आधी फारशी अरुंदीच नव्हती. भिंतीतला मेदाचा थर फाटतो आणि वर गुठळी होते. त्या भिंती सुधारायला औषधं."

"पण पर्वती चढायची असेल तर सत्तरवाला सेंटिमीटर उघडावा लागेल," मामा म्हणाले. "माझा मुद्दा तेवढा उभा आहे."

"उभा आहे. आणि पन्नासवाला?"

मामांनी उत्तर दिलं नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'दुसऱ्या जागी गेज लावणार का? लांबी किती?' मग ड्रॉवरमधून रक्तदाबाची वही काढली, कोपर नीट टेबलावर ठेवलं, मनगट छातीशी धरलं, पाच मिनिटं गप्प बसले आणि बटण दाबलं. १३८. तारीख आणि वेळ लिहून त्यांनी पुढच्या रकान्यात आकडा भरला. भाचीने वाकून बघितलं. तिथे लिहिलं होतं: हेड १.८८ मी.

"डॉक्टर हसतील," ती म्हणाली.

"हसू देत. त्या पाद्र्याने फुटांत लिहिलं होतं."